आधी कापा, मग मागा

हिवाळी अधिवेशन संपलं की नागपुरात बिलांचा मोसम सुरू होतो. डिसेंबरात मंत्री, आमदार, सचिव, त्यांच्या फायली आणि पत्रकार असा सगळा लवाजमा शहरात उतरतो. त्यांना गाड्या लागतात, मंडप लागतात, जनरेटर, जेवण, झेरॉक्स, छपाई लागते. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं वर्षातलं किमान एक अधिवेशन या शहराच्या वाट्याला आलं आणि त्यासोबत इथल्या छोट्या धंदेवाल्यांच्या वाट्याला वर्षातली एक मोठी कमाई आली. पाहुणे पंधरवड्यात परत जातात. पैसे मात्र मार्चअखेरीला येतात, कधी त्याच्याही पुढे. तीन गाड्या भाड्याने लावणारा मालक खात्यात जमा झालेला आकडा पाहतो, तेव्हा तो बिलापेक्षा कमी असतो. एक टक्का टीडीएस कापलेला असतो.

एक टक्का ऐकायला काहीच नाही. पण तो बिलावर कापलेला आहे, कमाईवर नाही. डिझेल, ड्रायव्हरचा पगार, गाडीचा हप्ता, टायर हे सगळं जाऊन शंभरातले आठ-दहा रुपये हाती राहत असतील, तर त्या एका रुपयात कमाईचा आठवा-दहावा हिस्सा गेला. वर्षभराचा हिशेब मांडला तर या माणसाला आयकर लागतच नाही. मग त्याने काय करायचं? पुढच्या उन्हाळ्यात सीएकडे जायचं, फी द्यायची, रिटर्न भरायचं आणि जे कधी देणंच नव्हतं ते परत मागायचं.

अशी बेभरवशाची कमाई असणारे लोक या शहरात किती तऱ्हांचे आहेत, ते जरा आजूबाजूला पाहिलं की कळतं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर उभे राहणारे ज्युनियर वकील आहेत. दिवाळीआधी तीन महिने झोप नसलेले आणि पितृपक्षात हात चोळत बसलेले इंटिरियर डेकोरेटर आहेत. लग्नसराईवर वर्ष काढणारे फोटोग्राफर आहेत. आणि कॉलेजांमधले तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आहेत, ज्यांना सगळे ‘सीएचबी’ म्हणतात. त्यांचं मानधन महिनोन्‌महिने अडतं आणि मग एकरकमी येतं. त्यावर कुठलं कॉलेज पगार समजून काहीच कापत नाही, तर कुठलं व्यावसायिक शुल्क समजून सरळ दहा टक्के कापतं.

रिफंड हा आपला हक्क आहे, सरकारची मेहेरबानी नव्हे, हे सगळेच म्हणतात. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. हा पैसा सरकारकडे जायलाच नको होता. आयकराचं सगळं यंत्र महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाचं वर्ष डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं आहे. ज्याचं वर्ष तसं नाही, त्याच्याकडून ते यंत्र बिनव्याजी उसनवारी करतं आणि ती वसूल करण्याचं कामही त्याच्याच गळ्यात घालतं.

उगमापाशीच कर पकडण्याची युक्ती जुनी आहे. १८०३ मध्ये ब्रिटनमध्ये हेन्री ॲडिंग्टनच्या सरकारने ती आयकरात आणली. पैसा हातात पडण्याआधीच त्यातला कर बाजूला काढला की चुकवायला जागा कमी उरते. पण सगळ्यांच्या बाबतीत हे काम सारख्या काळजीने होत नाही. पगारदाराच्या टीडीएसमध्ये मालकाने वर्षाचा अंदाज बांधायचा असतो. एकूण पगार किती होईल, वजावटी कोणत्या, सूट कोणती हे पाहून सरासरी दराने कापायचं असतं. ब्रिटनने १९४४ मध्ये पगारदारांसाठी जी पद्धत आणली ती याहून पुढची होती. तिथे दर महिन्याला वर्षाच्या सुरुवातीपासूनचा एकत्रित हिशेब होतो. कमाई मध्येच घसरली, तर आधी जास्त गेलेला कर वर्ष संपायच्या आतच परत मिळू लागतो. थोडक्यात, माणसाला वर्ष असतं आणि त्या वर्षात चढउतार असतात, हे कायद्याला कळतं. पण ते तो फक्त पगारदाराच्या बाबतीत कळून घेतो.

बाकीच्यांसाठी सपाट दर. डेकोरेटर, वकील, आर्किटेक्ट, डॉक्टर यांना १९६१ च्या कायद्यातल्या कलम १९४जे खाली दहा टक्के. (इथून पुढची कलमं आणि फॉर्म एप्रिल २०२६ पूर्वीच्या याच कायद्यातले.) एकाच देणाऱ्याकडून वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की कापायचं. एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३० हजार होती. देणाऱ्याने समोरच्याचं वर्ष कसं गेलं हे विचारायचं नाही, आणि विचारून उपयोगही नाही, कारण कायद्याने त्याला तो अधिकार दिलेला नाही.

आता हे दहा टक्के नेमके कोणाला लागू पडतात ते पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत धरून कर शून्य होतो. पगारदाराला वर आणखी ७५ हजारांची प्रमाणित वजावट आहे. म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये किंवा मॉइलमध्ये वर्षाला पावणेतेरा लाख पगार घेणाऱ्याच्या पगारातून एक रुपयाही कापला जाणार नाही. त्याच्याच सोसायटीत राहणारा डेकोरेटर घ्या. त्याची वर्षाची बिलं ९ लाखांची आहेत आणि ती सगळी बिल्डर आणि कंपन्यांची आहेत. (घरमालकाने घर सजवून घेतलं तर त्याला बहुधा कापावं लागत नाही. मोठं गिऱ्हाईक मिळालं की कापणी आली!) डेकोरेटरचे ९० हजार सरकारकडे जमा झाले. कलम ४४एडीए खाली त्याने निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली तर उत्पन्न साडेचार लाख आणि कर शून्य. कोणाचं उत्पन्न जवळपास तिप्पट आणि कोणाचा पैसा अडकला, ते तुम्हीच पाहा.

यावर लोक म्हणतील, हा दर गरिबांसाठी नाहीच, तो वरच्या व्यावसायिकांकडे पाहून ठेवलाय. तेही तपासून पाहिलं. कलम ४४एडीएची सवलत जास्तीत जास्त ७५ लाखांच्या बिलांपर्यंत मिळते, तीही रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असेल तर. समजा एखाद्या आर्किटेक्टने बरोबर ७५ लाखांची बिलं केली आणि निम्मी रक्कम, म्हणजे साडेसदतीस लाख, उत्पन्न दाखवलं. टप्प्याटप्प्याने कर काढला तर तो ७ लाख ५ हजार होतो. त्यावर चार टक्के उपकर धरला की ७ लाख ३३ हजार २००. दहा टक्क्यांनी कापलेला टीडीएस आहे साडेसात लाख. म्हणजे या सवलतीच्या अगदी कडेवर उभ्या असलेल्या, शहरातल्या बड्या म्हणाव्यात अशा आर्किटेक्टचाही कर कापलेल्या रकमेपेक्षा कमीच भरतो. ४० लाखांच्या बिलांवर प्रत्यक्ष कराचं प्रमाण ५.२ टक्के पडतं. २४ लाखांवर शून्य. दुसरं उत्पन्न नसेल आणि सगळी बिलं टीडीएस कापूनच येत असतील, तर या कलमाखाली निम्मी रक्कम उत्पन्न दाखवणाऱ्या प्रत्येकाकडून, अपवाद न करता, जास्तच कापलं जातं. एखाद्याचं जास्त कापलं गेलं तर त्याला चूक म्हणता येईल. सगळ्यांचंच जास्त कापलं जात असेल, तर ती पद्धत म्हणावी लागेल.

मग वेळेचा हिशेब. एप्रिलमध्ये काम केलं, बिल दिलं, पैसे आले, दहा टक्के कापले गेले. वर्ष संपलं पुढच्या मार्चमध्ये. कापणाऱ्याचं शेवटच्या तिमाहीचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत जातं, त्यानंतर सव्वीस-एएसमधलं, म्हणजे तुमच्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणाऱ्या विवरणातलं, चित्र पूर्ण होतं. जूनमध्ये रिटर्न, जुलैमध्ये रिफंड, तोही सगळं सुरळीत झालं तर. पंधरा महिने गेले. सरकार सांगतं की रिटर्न तपासायला २०१३-१४ मध्ये सरासरी ९३ दिवस लागत, ते दहा दिवसांवर आणले. ते खरं आहे आणि कौतुकाचंही आहे. बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राचं काम खरोखर चोख झालंय. पण ते दहा दिवस शर्यतीचे शेवटचे दहा दिवस आहेत. त्याआधीचे चौदा महिने कोणी मोजत नाही.

व्याजही मोजत नाही. जास्त कापलेल्या टीडीएसवर सरकार महिन्याला अर्धा टक्का सरळव्याज देतं, पण ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून, आणि रिटर्न मुदतीत असेल तरच. उशीर झाला तर रिटर्न भरल्याच्या दिवसापासून. पैसे मागच्या एप्रिलमध्ये गेले असतील तर पहिल्या वर्षाचं व्याज शून्य. उलट बाजूला, करदात्याने आगाऊ कराचा जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चचा हप्ता चुकवला तर महिन्याला एक टक्का. तिथे वर्ष संपायची वाट पाहत नाहीत, हप्त्याहप्त्याने मोजतात. आणि मिळालेल्या व्याजावर कर आहेच, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक तपशील आहे, तो मला सगळ्यात जास्त खटकतो. समजा गिऱ्हाईकाने तुमच्या बिलातून कर कापला आणि तो सरकारकडे भरलाच नाही, किंवा वेळेवर भरला नाही. सव्वीस-एएसमध्ये त्या ओळीच्या जागी काहीच दिसत नाही, किंवा ओळ असते पण तिच्यासमोर जुळणी झाल्याचं ‘एफ’ हे अक्षर नसतं. तुम्ही फोन करत बसता. त्यांचा अकाउंटंट रजेवर असतो. तुमच्याकडून तोच कर सरकार पुन्हा मागू शकत नाही, हे कलम २०५ सांगतं, पण रिफंडमध्ये त्याची वजावट मिळवणं हा वेगळाच खेळ आहे. शेवटी गिऱ्हाईक भरतं, उशीर झाल्याबद्दल महिन्याला दीड टक्का व्याजही भरतं. ते व्याज जातं कुठे? सरकारकडे. पैसे तुमचे, वाट पाहिली तुम्ही, आणि वाट पाहण्याचं मोल मात्र सरकारला.

न्यायालयांना हे कळत नाही असं नाही. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं तेव्हा तिचे पैसे बारा ते सतरा वर्षं अडकलेले होते. २००६ मध्ये न्यायालयाने विभागाला भरपाई द्यायला लावली. २०१४ मध्ये टाटा केमिकल्सच्या निकालात न्यायालयाने तत्त्व स्पष्ट मांडलं की अधिकार नसताना घेतलेला आणि वापरलेला पैसा परत करताना सरकारवर तेच बंधन आहे जे कोणाही माणसावर असतं. मात्र या दोन निकालांच्या मध्ये, २०१३ मध्ये, त्याच न्यायालयाने हेही सांगून ठेवलं की कायद्यात जेवढं व्याज लिहिलंय तेवढंच मिळेल. आणि कायद्यात पहिल्या वर्षाचं लिहिलेलंच नाही. शिवाय हे सगळे खटले मोठ्या कंपन्यांचे. ९० हजारांसाठी डेकोरेटर दिल्लीला जात नाही.

बरं, आधीच सांगायची सोय आहे का, की माझा कर शून्य होणार आहे, कापू नका? आहे, पण काम न करणाऱ्यांसाठी! बँकेत मुदतठेव असेल तर १५जी फॉर्म भरून देता येतो आणि बँक व्याजातून कापत नाही. वर्षानुवर्षं लोक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेत रांग लावून तो भरतात. घरभाड्यासाठीही तो चालतो. पण कंत्राटाच्या किंवा व्यावसायिक कामाच्या पैशांसाठी १९६१ च्या कायद्यात तो चालत नाही. ठेवीवर जगणाऱ्याच्या शब्दावर कायदा विश्वास ठेवतो, राबणाऱ्याच्या शब्दावर नाही. याचं समर्थन मी बरंच शोधलं, मला सापडलं नाही.

राबणाऱ्यासाठी कलम १९७ चा दाखला आहे. अर्ज ऑनलाइन होतो. त्यात यंदा कोण पैसे देणार, त्याचा टॅन क्रमांक काय, रक्कम किती हे सांगावं लागतं. जोडीला मागच्या वर्षांचे हिशेब आणि यंदाचा अंदाज. ज्याला वर्षाची बांधलेली कंत्राटं आहेत त्याला हे जमतं. पण ज्याला एप्रिलमध्ये हेच माहीत नसतं की जुलैत काम कोण देणार, त्याने कोणाचा टॅन लिहायचा? कमाई बेभरवशाची आहे म्हणून जे साधन हवं, ते कमाई भरवशाची असेल तरच मिळतं.

सरकारची बाजू दुबळी नाही. टीडीएस नसता तर या देशात व्यावसायिकांकडून कर गोळा करणं फार अवघड गेलं असतं. कापलेला प्रत्येक रुपया एक नोंद ठेवून जातो. त्या नोंदीवरूनच विभागाला कळतं की अमुक डॉक्टरने अमुक रुग्णालयाकडून इतके घेतले. ही माग काढण्याची गरज मला मान्य आहे, आणि नागपुरात राहून ती नाकारणं शोभणारही नाही. देशभरातले आयकर अधिकारी घडवणारी आणि १९५७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आपल्याच छिंदवाडा रोडवर आहे. पण माग काढायला दहा टक्के लागतात का? याचं उत्तर सरकारनेच देऊन टाकलंय. ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकणाऱ्यांचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आणला. कमिशनवरचा पाचवरून दोनवर आणला. तांत्रिक सेवांचा दर तर २०२० पासूनच दोन टक्के आहे. हजारात एक रुपया कापूनही नोंद तितकीच पक्की राहते, कारण नोंद पॅनवरून होते, रकमेवरून नाही. मग जुन्या यादीतल्या वकिला-आर्किटेक्टांसाठीच दहाचा दर का टिकला? मला वाटतं, मुख्य कारण हेच की तो पैसा सरकारच्या हातात वर्षभर बिनव्याजी खेळतो आणि त्याबद्दल आरडाओरडा करायला या लोकांची युनियन नाही.

दुसरा आक्षेप खोट्या रिफंडांचा. तो खराच आहे. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणारे दलाल आहेत. जुलै २०२५ मध्ये विभागाने अशांच्या मागावर देशभर सुमारे दीडशे ठिकाणी झडती घेतली. पण त्या रिफंडांत आणि या रिफंडांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दलालाचा रिफंड न केलेल्या देणग्यांतून आणि न भरलेल्या विम्याच्या हप्त्यांतून उभा राहतो. डेकोरेटरचा रिफंड सरकारच्याच वहीत, सरकारच्याच खात्यात जमा झालेल्या रकमेतून येतो. कोणी कापलं, कधी कापलं, किती कापलं हे सगळं नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरणात विभाग आपणहून दाखवतो. म्हणजे माणसाने मागण्याच्या आधीच सरकारला माहीत असतं की याच्याकडून किती घेतलंय. तरी दोन्ही रिफंड एकाच संशयाच्या चाळणीतून जातात.

आणि एक घरगुती समर्थन असतं. “बरंच आहे ना, हातात असते तर उडाले असते, आता ऑगस्टमध्ये एकदम मिळतात, पोरांच्या फिया भरता येतात.” हे मी अनेकांकडून ऐकलंय, अगदी ज्यांचे पैसे अडकतात त्यांच्याकडूनही. पण भिशीतसुद्धा आपला नंबर कधी आहे हे आधी ठरलेलं असतं, आणि निकड असेल तर बदलूनही मिळतं. डेकोरेटरला जूनमध्ये प्लायवूडवाल्याची उधारी भागवायची असते आणि त्याचे ९० हजार सरकारकडे असतात, म्हणून तो बाजारातून दोन टक्के महिन्याने उचलतो. त्याच्या जबरदस्तीच्या बचतीवरचं व्याज तो स्वतःच भरतो.

इथपर्यंत मी रिफंडबद्दल बोलत होतो, म्हणजे जो पैसा शेवटी परत येतो त्याबद्दल. पण बेभरवशाच्या कमाईचा दुसरा एक तोटा आहे, त्याचा रिफंड कधीच मिळत नाही. दोन भाऊ घ्या. एकाला नोकरीत दरवर्षी १२ लाख. दुसरा आर्किटेक्ट. खर्च जाऊन एका वर्षी त्याच्या हाती २० लाख आले आणि पुढचं वर्ष कोरडं गेलं, ४ लाखच आले. दोघांनी दोन वर्षांत कमावले बरोबर २४ लाख. पहिल्याने कर भरला शून्य. दुसऱ्याने चांगल्या वर्षी भरला २ लाख ८ हजार, आणि वाईट वर्षी त्यातलं काही परत मागायची सोय नाही, कारण तो कर कायदेशीर आहे. त्याचा गुन्हा एवढाच की त्याचे पैसे सारखे आले नाहीत.

अर्थशास्त्रात हे जुनं दुखणं आहे. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९३९ मध्येच अनेक वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी धरून कर लावावा असा आराखडा मांडला होता. पुढे १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी. अमेरिकेने सर्वसाधारण सरासरीची सोय १९६४ मध्ये दिली आणि १९८६ च्या करसुधारणेत काढून घेतली. मग शेतकऱ्यांना १९९८ पासून पुन्हा दिली. ब्रिटनमध्ये शेतकऱ्यांना आणि लेखक-कलावंतांना ती आहे. हिशेब किचकट होतो, हा त्यावरचा आक्षेप विक्रीच्या काळात खरा होता. आज सगळी वर्षं एकाच पोर्टलवर एकाच पॅनखाली पडलेली असताना त्यात दम राहिलेला नाही.

आपल्याकडे हे तत्त्व अगदीच अनोळखी आहे असंही नाही. सरकारी कर्मचाऱ्याला वेतन आयोगाची थकबाकी एकदम मिळाली तर कलम ८९ खाली ती ज्या त्या वर्षांत वाटून करात सूट मिळते. त्यासाठी १०ई फॉर्म भरायचा असतो आणि तो न भरल्यामुळे नोटीस आलेले गुरुजी प्रत्येक गावात भेटतात. १९६१ च्या कायद्यात कलम १८० होतं. पुस्तक किंवा कलाकृती करायला बारा महिन्यांहून जास्त लागले, तर त्याची रक्कम एकापेक्षा जास्त वर्षांत विभागण्याची सोय त्यात होती. म्हणजे ज्याला कायद्याने एकदा ओळखलं त्याला न्याय मिळतो. पगारदाराला ओळखलं, लेखकालाही ओळखलं. सीएचबी प्राध्यापकाला दीड वर्षाचं मानधन एकदम मिळालं आणि ते व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवलं गेलं, तर कलम ८९ त्याच्या उपयोगाचं नाही.

आणि जमिनी गेलेल्या शेतकऱ्याला तर आधी ओळखून मग विसरले. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झालं. भंडाऱ्यातल्या आणि नागपूर जिल्ह्यातल्या कुहीकडच्या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. अशा संपादनांत वाढीव मोबदल्याचे दावे वर्षानुवर्षं चालतात आणि निकाल लागतो तेव्हा मोबदल्याइतकंच किंवा जास्तही व्याज साचलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं होतं की हे व्याज ज्या वर्षांचं आहे त्या वर्षांत विभागून धरायचं. २००९ च्या वित्त कायद्याने ते बदललं. १ एप्रिल २०१० पासून सगळं व्याज हाती पडेल त्याच वर्षाचं उत्पन्न, त्यातून निम्मी वजावट. वीस वर्षांचं व्याज एका वर्षात! यातलं कोणतं व्याज मोबदल्याचाच भाग मानायचं, यावर उच्च न्यायालयांत आजही एकमत नाही. पण कापणाऱ्याला त्याचं काय? समजा दहा लाख व्याज मिळालं. त्यातून दहा टक्के जातात. पॅन दिलेलं नसेल तर वीस, म्हणजे दोन लाख. निम्मी वजावट धरली तर उत्पन्न पाच लाख आणि आजच्या दराने कर शून्य. हे दोन लाख परत आणायचे तर आधी पॅन काढायचं, मग कापणाऱ्या कार्यालयाकडून त्यांचं विवरणपत्र दुरुस्त करून घ्यायचं, मग स्वतःचं रिटर्न भरायचं. त्यासाठी मोबाइलवर ओटीपी यायला हवा, आधार जोडलेलं हवं आणि बँकेतलं नाव पॅनवरच्या नावाशी जुळायला हवं. सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं आणि पासबुकात तिसरं नाव असलेल्या माणसाला हे शेवटचं कलम सगळ्यात जड जातं. पॅन-आधार जोडणीअभावी पॅन निष्क्रिय झालं, तर रिफंडही नाही आणि त्या काळाचं व्याजही नाही.

दारं किती वेळ उघडी असतात तेही पाहण्यासारखं आहे. १९६१ च्या कायद्यात मुदत चुकली तर उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. त्यानंतर ‘अद्ययावत’ रिटर्नची सोय आहे. तिची मुदत २०२५ च्या वित्त कायद्याने दोन वर्षांवरून चार वर्षांवर नेली. पण ते रिटर्न फक्त जास्त कर भरण्यासाठी. रिफंड मागायला किंवा वाढवायला ते वापरता येत नाही. पैसे द्यायला येणाऱ्यासाठी चार वर्षं, न्यायला येणाऱ्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिने. त्यापुढे कलम ११९(२)(ब) खाली विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने तो पाच वर्षांपर्यंत करता येतो. मात्र ‘खरोखरची अडचण’ पटवून द्यायची, आणि मंजूर झालं तरी व्याज नाही, हे विभागाचं जुनं धोरण आहे.

रिफंड मंजूर होऊनही हातात येईलच असं नाही. जुनी थकबाकी दिसत असेल तर ती त्यातून वळती होते. कित्येकदा ती थकबाकी खरी नसतेच, कागदावरून संगणकावर जाताना राहिलेली असते. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये स्वतःहून दखल घेऊन यावर विभागाला फटकारलं होतं. अकरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात, अर्थमंत्र्यांनीच मान्य केलं की अशा जुन्या, न जुळणाऱ्या मागण्यांमुळे प्रामाणिक करदात्यांचे पुढचे रिफंड अडतात. त्यांनी २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि त्यापुढच्या पाच वर्षांतल्या १० हजारांपर्यंतच्या मागण्या सोडून दिल्या.

सरकार हलतच नाही, असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या आयकर कायद्याचं विधेयक आलं तेव्हा त्यात एक तरतूद होती की रिटर्न मुदतीत भरलं नाही तर रिफंड मागता येणार नाही. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीने ती काढायला सांगितली आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या विधेयकातून ती गेली. ती तशीच राहिली असती, तर गाडीवाल्याचा आणि गोसीखुर्दच्या शेतकऱ्याचा पैसा एका चुकलेल्या तारखेपायी बुडाला असता. ज्यांनी तो मसुदा लिहिला त्यांना हे सुचलं कसं, हा प्रश्न राहतोच.

१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या या कायद्याने कलमांची रांग मोडून तक्ते केले आणि ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आणली. वाचायला तो सोपा झालाय. पण व्याजाचं घड्याळ आजही पुढच्या एप्रिललाच सुरू होतं. ते कापल्याच्या दिवशी सुरू करावं आणि त्याचा दर सरकार आपल्याकडून घेतं तितकाच, महिन्याला एक टक्का ठेवावा. तेवढं केलं की दहाचा दर दोनवर आणण्यासाठी कोणाला अर्जविनंत्या कराव्या लागणार नाहीत. पहिल्याच वर्षी अर्थ मंत्रालय आपणहून तो खाली आणेल.